पृच्छा आणि प्रवास

मुलें नोकरीनिमित्त विलायतेस आणि त्यांच्या भेटीस जाणारे आईवडील विमानांत, हें आतां आपल्या बहुतेक कुटुंबांतील चित्र आहे. लंडनांत दिवसभर मुलें कामावर. एकट्यानें बाहेर पडावयाचें तर आगगाडीवांचून गति नाहीं. पण अनोळखी माणसास विचारण्याच्या संकोचानें पुष्कळ सुशिक्षित मंडळी घरींच बसतात आणि महिनाभर खिडकींतून लंडन पाहून परत येतात. ही हानि लहान नव्हे. म्हणून काय व कोणास विचारावें, याचा विचार या मासीं करूं.

प्रथम हें ध्यानांत धरावें कीं, उत्तर प्रश्नाच्याच मापाचें मिळतें. हीथ्रो विमानतळावर ‘शहरांत लवकर कसें पोंचावें?’ असें विचारल्यास हीथ्रो एक्स्प्रेस दाखवितील. ती सुमारें 15 मिनिटांत पॅडिंग्टनला नेते, पण भाडें जबर. ‘स्वस्तांत कसें जावें?’ म्हटल्यास पिकॅडिली लाइन सांगतील. तिला वेळ अधिक. 2022 सालीं सुरू झालेली एलिझाबेथ लाइन या दोहोंमधली. सांगणारा प्रत्येक वेळीं खरेंच बोलतो. निवड आपणच आधीं करावयाची असते.

दुसरें असें कीं, लंडनला एकच मुख्य स्टेशन नाहीं. एडिंबरोस किंग्ज क्रॉसहून, मँचेस्टरला युस्टनहून, पॅरिसला सेंट पँक्रसहून जावें लागतें. ऑक्सफर्डला तर पॅडिंग्टन व मेरिलबोन या दोन्ही ठिकाणांहून निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या सुटतात. यास्तव तिकीटच पुढें करून ‘हें कोणत्या स्टेशनावरून, कोणत्या गाडीस चालेल?’ असें विचारावें. ‘ॲडव्हान्स’ तिकीट स्वस्त खरें, पण तें नेमलेल्या गाडीपुरतेंच असतें.

तेथील भुयारी रेल्वे 1863 पासूनची आहे. हॅरी बेक यांच्या 1933 च्या नकाशापासून चालत आलेली रीत स्थानकांचा परस्परसंबंध दाखविते, अंतर दाखवीत नाहीं. लेस्टर स्क्वेअर ते कव्हेंट गार्डन हें एका स्टेशनाचें अंतर वरून पायीं पांच-सात मिनिटांचें आहे. तेव्हां ‘चालत जातां येईल काय?’ हा प्रश्न विसरूं नये. नॉर्दर्न लाइनला शहराच्या मध्यांत दोन फांटे आहेत. तेथें लाइनीचें नांव पुरत नाहीं, ‘बँकवरून कीं चेरिंग क्रॉसवरून?’ हेंही विचारावें लागतें.

विचारावें तें गणवेषांतील कर्मचाऱ्यास. सकाळीं धांवत सुटलेल्या चाकरमान्यास अडवूं नये. स्टेशनाचें नांव कागदावर लिहून दाखवावें. आपल्या लिपींत लिहावें तसें वाचतात. तिकडे अक्षरें ‘साउथवार्क’ अशीं दिसतात आणि उच्चार ‘सदक’ असा होतो. आपल्या शुद्ध उच्चारानें तेथें घोटाळाच व्हावयाचा.

आणखी एक लाभाची गोष्ट. वयाची 60 वर्षें पूर्ण झालेल्यांस ‘सीनियर रेलकार्ड’ विकत मिळतें. त्यानें देशांतील बहुतेक रेल्वे-तिकिटांवर तृतीयांश सवलत मिळते. त्यास ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाहीं. सकाळच्या गर्दीच्या वेळेस कांहीं निर्बंध आहेत, तेवढे समजून घ्यावे. पण खिडकीवरील मनुष्य हें आपण होऊन सांगेलच, असें नाहीं.

शेवटीं, निघण्यापूर्वींच ‘परतीची शेवटची गाडी किती वाजतां?’ हें विचारून वहींत टिपून ठेवावें. आयुष्यभर मुलांना ‘शंका असेल तर विचारा’ असें आपणच सांगत आलों. तो उपदेश आपणांसही लागू आहे.