माण तालुक्यातील अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी जाहीर आवाहन



सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेले बाळ काचेच्या पेटीतून घरी आले की घर सुटकेचा निःश्वास टाकते. पण बाळाकडे बारकाईने लक्ष देण्याची गरज तिथेच सुरू होते. 37 आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना डोळ्यांच्या पडद्याचा विकार, बहिरेपणा, सेरेब्रल पाल्सी यांचा धोका अधिक असतो. दिवस जितके अपुरे, तितका तो जास्त. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत लवकर जन्मणे बसत नाही आणि ते योग्यच आहे, कारण यातली पुष्कळ मुले निकोप वाढतात. अडचण आहे ती वेळेची. बहुतेक सवलतींना 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. बौद्धिक विकासातील उशीर तर पहिल्या वर्षात प्रमाणितच होत नाही. उपचार सर्वाधिक लागू पडतात ते मात्र याच कोवळ्या वयात. अमेरिकेत 1200 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ, कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेत असल्यास, पहिल्या वर्षी जन्मवजनावरच अपंगत्व भत्त्यास पात्र ठरते. आपल्याकडेही असा नियम हवा.

यावर कोणी म्हणेल, वजनावर मदत दिली तर गैरफायदा घेतला जाईल. पण वजन जन्माच्या दिवशीच रुग्णालयाच्या कागदावर नोंदले जाते. त्याहून स्वच्छ पुरावा कोणता? कोणी म्हणेल, पोराला आतापासून अपंगाचा शिक्का कशाला? विकासातील उशिराचे पाच वर्षांखालील प्रमाणपत्र तात्पुरते असते; मूल सुधारले तर ते मागे पडते. ‘मोठे झाले की होईल नीट’ असे म्हणत थांबणे मात्र महागात पडते. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासावेच लागतात. उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

या तपासणीसाठी दहिवडी-म्हसवडहून साताऱ्याला जायचे तर भाडे लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. ऊसतोडीला किंवा मेंढरे घेऊन बाहेर पडलेल्यांची तपासणी तर राहूनच जाते. म्हणून प्रत्येक ग्रामसभेने ठराव करावा: ग्रामपंचायतीच्या महिला व बालकल्याणासाठीच्या 10 टक्के निधीतून या बाळांच्या तपासणीचा प्रवासखर्च द्यावा. दिव्यांगांच्या 5 टक्के निधीला हात लावू नये. तो प्रमाणपत्रधारकांचा हक्क आहे. पालकांनी रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद जपावा, आशाताईंना कळवावे, अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ दाखवावे. सेरेब्रल पाल्सीचे निदान झाल्यास यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रासाठी अर्ज करावा आणि वर्षाला एक लाखापर्यंतच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याची चौकशी करावी. कामासाठी गाव सोडण्याआधी पुढच्या तपासणीची तारीख विचारून घ्यावी. येत्या ग्रामसभेत हा विषय आपण स्वतः उभे राहून मांडा, ही कळकळीची विनंती.