गाडी घेताना

गाडीचे बोलणे निघाले की आपण आधी रंग विचारतो. ब्रेझा 2016 साली आली, नेक्सॉन 2017 साली. दोन्हींचे चाहते पुष्कळ. पण पैसा अब्बांच्या कष्टाचा असतो, म्हणून निवड हिशेबाने व्हावी.

समजा, एक गाडी लिटरला 15 किलोमीटर जाते, दुसरी 20. वर्षाला 12,000 किलोमीटर फिरल्यास दुसरी 200 लिटर पेट्रोल वाचवते. 3,000 किलोमीटरच फिरल्यास अवघे 50 लिटर! मग तेवढ्यासाठी जास्त किंमत का द्यावी?

कुडव्यातल्या माणसाने आणखी एक विचारावे : दुरुस्ती गोंदियात होईल, की सुट्या भागासाठी नागपूरची वाट पाहावी लागेल? गाडी घेणे एका दिवसाचे; ती पोसणे वर्षानुवर्षांचे.