सह्या किती, आणि कोणाच्या?

निवडून दिलेला माणूस मुदतीआधी परत बोलावता आला पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण या चर्चेत जो तो एकच विचारतो : सह्या किती टक्के? आम्ही विचारतो, त्या सह्या कोणाच्या?

हरियाणाने २०२० साली सरपंचाला परत बोलावण्याचा कायदा केला. आधी मतदारांनी लेखी मागणी करायची, मग गुप्त मतदान, आणि दोन-तृतीयांश मते विरोधात गेली की सरपंच घरी. महाराष्ट्रात अविश्वासाची नोटीस मतदार नव्हे, सदस्य देतात. पण हरियाणाचा कायदा इकडेही आणा, ही मागणी आपलीच पोरे करतात, म्हणून हा हिशेब.

समजा गावात १२०० मतदार आहेत, बौद्ध वस्तीत १६०, आणि सरपंचपद अनुसूचित जातीसाठी राखीव. ३३ टक्क्यांची अट धरली तर ३९६ सह्या. जमीन, सोसायटी आणि दूध डेअरी ज्या भावकीच्या हातात, ती एवढ्या सह्या एका रात्रीत गोळा करते. मत गुप्त असते, सही नसते. उद्या ज्याच्या रानात मजुरीला जायचे, त्याने पुढे केलेला कागद आपला माणूस कसा नाकारणार?

दुसरी बाजू याहून वाईट. राखीव जागेवर वाड्याच्या इशाऱ्यावर चालणारा होयबा बसला (कांशीराम यांनी १९८२ साली 'चमचा युग' अशांवरच लिहिले) तर वस्तीतल्या सगळ्या १६० जणांनी सही केली तरी ३९६ होत नाहीत. ताठ कण्याचा सरपंच जातो, विकलेला मुदत पुरी करतो.

इथले बहुमत राजकीय नसून जन्माने ठरलेले आहे, हे बाबासाहेबांनी १९४७ सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडले. नुसती टक्केवारी वर-खाली करून ते बदलत नाही. पुणे करारात निदान प्राथमिक निवडणूक तरी होती : राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार जणांचे पॅनेल निवडायचे, मग संयुक्त मतदान. तीही दहाच वर्षांसाठी.

आमची मागणी त्याच धर्तीची आहे. राखीव पदासाठी एकूण १० टक्के सह्या पुरेत, पण राखीव प्रवर्गातल्या किमान एक-चतुर्थांश मतदारांच्या सह्या नसतील तर अर्जच घेऊ नये. वरच्या गावात १२० सह्या, त्यात वस्तीच्या ४०. भावकीला एकटीला हे जमणार नाही, वस्तीला जमेल. शेवटचे मतदान सगळ्या गावाचेच राहील आणि तिथे वस्ती हरेलही, पण होयब्याला गावापुढे उभे तरी करता येईल.

यात जात आणली, असे काही जण म्हणतील. पद राखीव केले तेव्हा ती होतीच. राखीव पदावरच्या महिला सरपंचाला हटवायला याच राज्याने दोन-तृतीयांशऐवजी तीन-चतुर्थांश बहुमताची अट घातली, तेव्हा कोणाचे आभाळ कोसळले नाही.

राहिला सही कुठे करायची हा प्रश्न. ब्रिटनमध्ये शिक्षा किंवा निलंबन झालेल्या खासदाराविरुद्ध १० टक्के सह्या सहा आठवड्यांत लागतात, आणि त्या ठरवून दिलेल्या केंद्रावर किंवा टपालाने करायच्या असतात. आपल्याकडे ते केंद्र तहसील कार्यालयात हवे. पारावर नको, आणि कोणाच्या ओट्यावर तर नकोच.