कारखान्याने न दिलेली चाकं

1969 च्या अखेरीस निसानची फेअरलेडी झेड आली, तेव्हा तिच्या लांब नाकावरून नजर हटत नव्हती. ती खाली उतरली की मात्र विरस व्हायचा. खाली होती साडेचार इंच रुंदीची पोलादी पत्र्याची चाकं, वर व्हीलकॅप. त्याच वर्षीची स्कायलाइन जीटी-आर म्हणजे तर खास शर्यतीसाठी घडवलेली गाडी. सहा सिलिंडरांचं, 160 अश्वशक्तीचं इंजिन. पण शोरूममधून तीही पत्र्याच्याच चाकांवर बाहेर पडायची. निसानने मॅग्नेशियमची चाकं ठेवली ती झेड-432 या महागड्या आवृत्तीसाठी. टोयोटाने ती त्याआधी 2000 जीटीला दिली होती, आणि त्या गाड्याही मोजक्याच बनल्या. बाकीच्या मालकांनी आपली सोय आपणच बघायची होती.

ती त्यांनी झकास बघितली.

आज मात्र जुनी जपानी गाडी नव्याने उभी करायची ठरली की पहिली गदा येते ती या सोयीवरच. ‘कारखान्यातून निघाली तशी’ हा एकच निकष धरला जातो. पहिल्या मालकाने ऐन तारुण्यात पैसे साठवून बसवलेली चाकं उतरवली जातात आणि कुठून तरी मूळ पत्र्याची चाकं पैदा केली जातात. ही दुरुस्ती नाही, इतिहासाची काटछाट आहे. कारखान्याने गाडी बनवली आणि रस्त्याने तिला रूप दिलं. त्यातलं एकच जपायचं हा हट्ट चुकीचा आहे.

योकोहामाच्या आर. एस. वातानाबे या कंपनीचं आठ आऱ्यांचं चाक घ्या. दणकट आरे, मध्ये नावाची छोटी टोपी, नक्षीकाम शून्य. ब्रिटनच्या मिनिलाइट चाकाशी त्याचं नातं उघड दिसतं, पण वातानाबेच्या आऱ्यांना स्वतःचा भरीव बाक आहे. हे चाक ‘हाकोसुका’ म्हणजे खोक्यासारख्या चौकोनी स्कायलाइनला शोभतं, फेअरलेडीला शोभतं आणि 1983 च्या टोयोटा एई86 लाही. शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा 1995 मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या टोफूवाल्याच्या मुलाच्या पांढऱ्या-काळ्या एई86 ला हीच चाकं आहेत. ज्यांनी जपान कधी पाहिला नाही अशा पोरांनाही ती गाडी या चाकांशिवाय डोळ्यांपुढे आणता येत नाही. कारखान्याने दिलेली एई86 ची चाकं किती जणांना आठवतात?

एकच चाक इतक्या गाड्यांवर फिरू शकलं त्यामागे साधं गणित आहे. त्या काळातल्या बहुतेक जपानी गाड्यांना चार बोल्ट असत आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास 114.3 मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेचार इंच असे. त्यामुळे निसानवरून उतरवलेला संच मित्राच्या टोयोटावर चढे, तिथून धाकट्या भावाच्या गाडीवर. गाड्या भंगारात गेल्या, चाकं मागे उरली.

फुजीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांची चाकं रुंद असत. ती आत मावत नाहीत म्हणून मडगार्डवर रिव्हेट ठोकून जादा पट्ट्या बसवलेल्या. प्रेक्षकांत बसलेल्या पोरांना तेच हवं झालं. मग आली तीन तुकड्यांची चाकं: मधली तबकडी, बाहेरचा गोल आणि आतला गोल, तिन्ही बारीक बोल्टांनी आवळलेले. स्पीड स्टार, हायाशी, 1977 मध्ये सुरू झालेली वर्क, ही कंपन्यांची नावं त्या पिढीला तोंडपाठ. या रचनेत तबकडी तीच ठेवून बाहेरचा गोल हवा तितका खोल करता येतो. पन्नास वर्षांपूर्वीची तबकडी नव्या गोलात बसवून देणारे कारागीर जपानमध्ये आजही आहेत. एखाद्या हुन्नराचा मान राखायचा तो असा.

हौसेच्या या बाजारातूनच मोठा उद्योगही वाढला. हामामात्सुची एनकेई ही कंपनी 1950 ची. तिने 1960 च्या दशकात ॲल्युमिनियमची चाकं ओतायला सुरुवात केली आणि आज तिचा एक कारखाना पुण्याजवळ शिक्रापूरला आहे. अहिल्यानगर रस्त्याने जाणाऱ्या कितीजणांना या वंशावळीची कल्पना असेल!

जुनं ते सगळं रस्त्यावर आणावं असा याचा अर्थ नाही, आणि इथे भावनेला मुळीच थारा देऊ नये. मॅग्नेशियमचं वजन ॲल्युमिनियमच्या जेमतेम दोनतृतीयांश. चाक हलकं झालं की स्प्रिंगांखालचा भार घटतो आणि टायर रस्ता धरून ठेवतो, म्हणून शर्यतवाल्यांना त्याची ओढ. पण हा धातू ओलाव्याने खाल्ला जातो. रंगाखाली लपलेली केसाएवढी चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जुनं ओतीव चाक वापरायचं तर आधी रंग पूर्ण उतरवून, चिरा दाखवणारं द्रव्य लावून किंवा क्ष-किरणांनी तपासून घ्यायलाच हवं. जपानमध्ये ‘जेडब्ल्यूएल’ हे मानक आहे. त्यात चाकाला वाकवत फिरवतात, भाराखाली पळवतात आणि वरून वजन आदळून बघतात. त्याची खूण ओतीव अक्षरांत चाकावरच असते आणि दर दोन वर्षांनी होणाऱ्या ‘शाकेन’ या सरकारी तपासणीत ती पाहिली जाते. स्वस्तातल्या हुबेहूब नकला घेणाऱ्यांनी ही खूण आधी शोधावी. आकार उचलता येतो, चाचणी उचलता येत नाही.

चाक चिरलेलं निघालं तर? भिंतीवर टांगावं आणि गाडीला त्याच मूळ निर्मात्याचं नवं चाक घ्यावं. वातानाबे आपलं आठ आऱ्यांचं चाक आजही बनवते. टायरचीच ओरड होती. तेरा-चौदा इंची चांगले टायर मिळेनासे झाले होते. योकोहामा रबरने 2017 मध्ये आपला जुना ‘अडव्हान एचएफ टाइप डी’ पुन्हा बाजारात आणला. मागणी पुरेशी आणि चोखंदळ असली तर कंपन्या ऐकतात.

काहींना मूळ पत्र्याच्याच चाकांवर गाडी उभी करायची असते. खुशाल करावी. मात्र उतरवलेली चाकं सुटी-सुटी विकू नयेत. चारही नीट पुसून, नट आणि मधल्या टोप्यांसकट पेटीत ठेवावीत, कोणी आणि केव्हा बसवली ते माहीत असेल तर चिठ्ठीवर लिहावं. गाडी विकायची वेळ आली की ती पेटीही नव्या मालकाच्या हवाली करावी.