हातापुरती भूल

वडिलांचे मनगट मोडले आहे, त्यांना दम्याचा जुना विकार आहे. डॉक्टर पूर्ण भूल न देता केवळ हात बधिर करून शस्त्रक्रिया करू म्हणतात, तरी संमती द्यावी काय, असे एका भगिनींनी विचारले आहे. डॉक्टरांचे म्हणणे रास्त आहे. मात्र सही करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा.

मानेतील खालचे चार व छातीतील पहिला अशा पाच मज्जातंतूंचा गुंता हासळीच्या हाडामागून बगलेत उतरतो. हाताची वेदना बहुतांशी याच वाटेने मेंदूकडे जाते. वाटेतच औषध टोचले, की रोगी जागा असूनही हात निजतो. 1911 साली जर्मनीत हिर्शेल यांनी बगलेतून, तर कुलेनकाम्फ यांनी हासळीच्या वरून सुई घालण्याची रीत सांगितली. कुलेनकाम्फ यांनी तर ती प्रथम स्वतःवरच करून पाहिली! पूर्वी हाताला झिणझिण्या आल्या, की सुई जागी पोचली असे समजत. आता अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर मज्जातंतू व सुई दोन्ही दिसतात.

सुई कोठून घालणार, हाच तो प्रश्न. मानेतून किंवा हासळीवरून भूल दिल्यास त्या बाजूचे श्वासपटल काही तास लुळे पडू शकते. धडधाकट माणसास ते बहुधा जाणवत नाही, दमेकऱ्यास जाणवेल. मनगटासाठी बगलेतील भूल सहसा पुरते आणि फुप्फुस तिच्यापासून दूर राहते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास सांगावी. उपाशी राहण्याचा नियमही पाळावा, कारण प्रसंगी पूर्ण भूल द्यावी लागते. हात ओढल्याचे जाणवले तरी घाबरू नये. परंतु कान वाजू लागले, ओठ बधिर झाले, तर तत्काळ सांगावे. औषध रक्तात अधिक गेल्याची ती खूण असू शकते.

बुपिव्हाकेनसारख्या औषधाने हात आठ-बारा तास, क्वचित अधिकही, निर्जीव राहतो. तो झोळीत ठेवावा. शेगडी व गरम चहा यांपासून जपावे, कारण पोळले तरी कळणार नाही. भूल उतरताच वेदना एकदम उसळते, म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यापूर्वीच घ्यावी. बोटे गार वा निळी पडली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत बोटे हलली नाहीत, तरीही डॉक्टरांना कळवावे.