मंत्र्यांचे मुख्यालय कोणते?

कन्नड तालुक्यातल्या तलाठ्याला नात्यातल्या लग्नासाठी दोन दिवस सुरतेला जायचे असेल, तर आधी रजेचा अर्ज, मग मुख्यालय सोडण्याची परवानगी आणि शेवटी सज्जाचा कार्यभार शेजारच्या तलाठ्याकडे, असा रीतसर रस्ता आहे. रजा शिल्लक नसली तर बिनपगारी. मंत्री पक्षाच्या कामाला राज्याबाहेर गेला, तर यातले काहीच नाही. ऑगस्ट २०२२च्या अधिवेशनात गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी जिल्हा परिषदेचे शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत, तरी घरभाडे भत्ता घेतात, हा प्रश्न लावून धरला आणि शिक्षकांचा रोष ओढवून घेतला. प्रश्न गैर नव्हता. फक्त तो सर्वांत खालच्या पायरीवर विचारला गेला, आणि तोही वरच्या पायरीवर जे घडले त्याला दोन महिने उलटल्यावर.

त्या वर्षी २० जूनच्या रात्री तेव्हाचे मंत्री एकनाथ शिंदे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याविरुद्ध बंड करून शिवसेनेच्या काही आमदारांसह सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. पुढच्या काही दिवसांत त्यांच्यासह नऊ मंत्री तिथे जमले. त्यात मालेगावचे दादा भुसे कृषिमंत्री, पैठणचे संदीपान भुमरे रोजगार हमी आणि फलोत्पादनाचे मंत्री, तर सिल्लोडचे अब्दुल सत्तार महसूल राज्यमंत्री. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या शिवसेनेच्या सहा आमदारांपैकी पाच गेले, एकटे कन्नडचे उदयसिंह राजपूत ठाकरे यांच्याबरोबर राहिले. बंड योग्य की अयोग्य, हा इथला विषयच नाही. त्यावर निवडणूक आयोग, न्यायालय आणि मतदार सगळे बोलून झाले आहेत. विषय इतकाच, की ऐन पेरणीच्या दिवसांत कृषी खाते कोण पाहत होते? २७ जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ही खाती इतरांकडे सोपवली. कृषी आणि रोजगार हमी शंकरराव गडाख यांच्याकडे गेली. त्यामागे राजकारण होते हे उघड आहे. पण राजकारणासाठी का होईना, जे आठवड्याने झाले ते नियम असता तर पहिल्याच दिवशी झाले असते. मंत्री कर्तव्य सोडून गेले, अशी तक्रार काही नागरिकांनी उच्च न्यायालयात नेली. न्यायालयाला याचिका राजकीय हेतूची वाटली आणि याचिकाकर्त्यांना एक लाख रुपये जमा करायला सांगण्यात आले. मात्र कर्तव्य नेमके कोणत्या नियमाने मोजायचे, हा मूळ प्रश्न तिथेच राहिला.

आमदार परवानगीशिवाय सलग साठ दिवस सभागृहात आला नाही, तर राज्यघटनेच्या १९०व्या अनुच्छेदाप्रमाणे त्याची जागा रिक्त ठरवता येते. खासदाराने हजेरी नोंदवली नाही, तर त्या दिवसाचा भत्ता मिळत नाही. म्हणजे लोकप्रतिनिधीची हजेरी आपल्याकडे परकी कल्पना नाही. निवडणुकीच्या काळात आचारसंहिता मंत्र्याला सरकारी दौऱ्याला प्रचार जोडू देत नाही, आणि परदेशी जायचे तर परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी लागते. मोकळे रान आहे ते एवढेच: निवडणूक नसताना, देशातल्या देशात, पक्षासाठी केलेला प्रवास. आणि तिथेच तर सगळ्यात जास्त फिरणे होते.

अशा प्रवासाच्या दिवसांचे वेतन मंत्र्याला मिळू नये, या मागणीवर ठरलेले उत्तर असे, की मंत्री चोवीस तास मंत्रीच असतो, फायली आता फोनवरही पाहता येतात. तसे असेल तर सरकारी कामाची नोंद दाखवणे मुळीच अवघड नाही. ज्या दिवशी काम केले त्या दिवसाचे वेतन खुशाल घ्यावे. दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे: पक्ष आहे म्हणून मंत्रिपद आहे, मग पक्षकार्याला बंदी कशी? बंदी कोण मागते आहे? ब्रिटनच्या मंत्र्यांसाठीच्या संहितेत सरकारी आणि पक्षीय काम एकाच दौऱ्यात असेल, तर खर्चाचा ज्याचा त्याचा वाटा ज्याने त्याने उचलावा, असे स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे तिथले पक्ष काही बुडाले नाहीत. राहिला आक्षेप रकमेचा. चार दिवसांचे वेतन कापून तिजोरीत कितीसे पडणार? फारच थोडे. पण तलाठ्याचा पगार कापूनही तिजोरी भरत नाही. त्या कपातीमुळे तो कुठे होता आणि त्याचे काम कोणाकडे होते, हे कागदावर येते. मंत्र्याच्या बाबतीत नेमका हाच कागद नाही.

मंत्र्यांचे वेतन आणि भत्ते ठरवण्याचा अधिकार घटनेच्या १६४व्या अनुच्छेदाने विधिमंडळाला दिला आहे आणि त्यासाठी १९५६चा कायदा आहे. त्यात तीन गोष्टी जोडायच्या: राज्याबाहेरच्या पक्षीय प्रवासाची मुख्यमंत्र्यांना लेखी सूचना, त्या दिवसांसाठी कार्यभाराचा जाहीर आदेश आणि प्रवासखर्च पक्षाचा, वेतन नाही. मुख्यमंत्री स्वतः गेले तर सूचना मुख्य सचिवांकडे. अशी दुरुस्ती सुचवायला मंत्री असावे लागत नाही. अशासकीय विधेयक कोणताही आमदार मांडू शकतो. शिक्षकांच्या मुख्यालयाचा प्रश्न ज्यांनी सभागृहात मांडला, त्यांनीच हेही विधेयक येत्या अधिवेशनात मांडावे.