डोक्याचा पेच

माणूस व्यवहाराला पक्का असला की त्याचे डोके ‘नीट पेच आवळून बसविलेले’ आहे, असे इंग्रज म्हणतो. हा वाक्प्रचार रुळला तो यंत्रयुगाच्या इंग्लंडमध्ये. जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांना एकच प्रमाण सुचविले, ते १८४१मध्ये. ज्या समाजाने आट्यांचा इतका विचार केला, त्याने अकलेलाही पेच लावावा, यात नवल नाही! आपण मात्र ‘बारा गावचे पाणी प्यायलेला’ किंवा ‘चार पावसाळे अधिक पाहिलेला’ म्हणतो. आपल्या लेखी शहाणपण अनुभवाने येते आणि एकदा आले की जात नाही. इंग्रजी प्रतिमा अधिक सावध आहे. पक्का आवळलेला पेचही हादऱ्यांनी सैल होतो.

‘डिजिटल अटके’च्या नावाखाली आयुष्याची पुंजी गमावलेल्यांत निवृत्त डॉक्टर, प्राध्यापक, बँक अधिकारी आहेत. चार पावसाळे अधिक पाहिलेलीच ही माणसे. मग असे का व्हावे? माहिती नव्हती, असेही म्हणवत नाही. खुद्द पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये सावध केले होते की, अशी अटक कायद्यात नाहीच.

दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी पढतमूर्खासाठी एक स्वतंत्र समास राखून ठेवला आहे. बहुश्रुत असूनही दुराशेने आणि अभिमानाने घेरलेला, असा हा माणूस. महिन्यात पैसे दुप्पट करणाऱ्या समूहात शिरणाऱ्या पदवीधराला हे वर्णन चपखल बसते. डिजिटल अटकेतल्या वृद्धाला मात्र ते लावणे अन्यायाचे आहे. त्याला लोभ नसतो. पडद्यावरचा खोटा गणवेश आणि तुरुंगाची धमकी यांनी तो हादरलेला असतो, आणि त्याला पहिलीच अट घातली जाते, ‘घरात कोणाला सांगायचे नाही.’

ही अट मोडली की बनाव बहुधा कोसळतो. ती मोडत का नाही, याचे उत्तर पुष्कळदा घरातच असते. मोबाइलवर वडिलांचे बोट चुकले की मुले हसतात, ‘बाबा, तुम्हाला नाही कळायचे’ म्हणतात. अशा घरातला वृद्ध घाबरला, तर मुलाला हाक कशी मारील? पैसे गेल्यावर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवायचे असते. तेही कित्येक जण लाजेपायी दिवसचे दिवस टाळतात.